कापसाच्या मुलखातलं खनिज तेल

विदर्भातल्या खेड्यांत पेट्रोल पंप यायच्या कितीतरी आधी खनिज तेल येऊन बसलं होतं, तेही दिव्यात. 1859 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेकने तेलाची विहीर पाडली. तेव्हा त्या काळ्या तेलातून लोकांना हवं होतं ते मुख्यतः घासलेट. पेट्रोल ही सोबत निघणारी आणि भसकन पेट घेणारी कटकट होती.

1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. ती वऱ्हाडातून कापसाच्या गाठी मुंबईला न्यायची. पुढे त्याच रुळांवरून मातीच्या तेलाचे, म्हणजे घासलेटचे, डबे इकडे उतरू लागले. तोवर घरांत जवसाच्या, करडईच्या तेलाचा दिवा होता आणि पूर्वेच्या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांच्या तेलाचा. मातीच्या तेलाचा उजेड जास्त. चिमणी नाकात काजळी भरायची, तो भाग वेगळा.

त्या डब्याचीही एक गंमत आहे. लंडनच्या मार्कस सॅम्युएलने 1892 साली ‘म्यूरेक्स’ या जहाजाच्या टाक्यांत रशियन घासलेट भरून ते सुएझ कालव्यातून पूर्वेकडे पाठवलं. डब्यांचा खर्च वाचेल, असा त्याचा हिशेब. पण आशियातल्या गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता, कारण स्टँडर्ड ऑइलच्या निळ्या डब्यांचा पत्रा लोक छपरापासून भांड्यांपर्यंत कशालाही लावत. शेवटी सॅम्युएलनेही पत्रा पाठवून लाल डबे बनवून घेतले. ‘शेल’ कंपनी याच धंद्यातून उभी राहिली. आपल्याकडेही तेल संपलेला चौकोनी डबा कुणी टाकला नाही. त्यात ज्वारी राहिली, पाणी राहिलं. गिऱ्हाईक खुळं नव्हतं.

दिव्यातलं तेल दिसत तरी होतं. अंगावर आलं ते न दिसता. 1941 मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला, ज्याचा कच्चा माल आज खनिज तेलातून येतो. मग त्या धाग्याचं टेरिलिन आलं, त्यात सूत मिसळलेलं टेरिकॉट आलं. ज्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला 1936 पासून गांधीजी राहिले आणि चरखा फिरला, तिथल्या कापूसवाल्याच्याही अंगात टेरिकॉटचा सदरा आला. यावर नाकं मुरडणं सोपं आहे. पण रात्री धुतलेला सदरा सकाळी घालून वावरात जाणाऱ्याला लवकर वाळणारं, इस्त्री न मागणारं आणि वर्षानुवर्षं न फाटणारं कापडच परवडणार.

दोराचंही तेच झालं. धुऱ्यावर अंबाडी लावायची, पाण्यात कुजवायची, वाक म्हणजे तिचा धागा काढायचा, मग दोर वळायचा. एवढा खटाटोप कोण करणार? 1954 मध्ये इटलीत ज्युलिओ नाट्टाने पॉलिप्रॉपिलीन तयार केलं, तेही खनिज तेलातून येणारं एक प्लास्टिक. बाजारात नायलॉनचा म्हणून मिळणारा दोर पुष्कळदा त्याचाच असतो. तो कुजत नाही, पण वेसण म्हणून घातला तर बैलाचं नाक सोलतो.

खताच्या चुंगड्याही, म्हणजे पोतीही, तागाच्या जाऊन याच प्लास्टिकच्या आल्या, आणि इथे गोष्ट उलटी कापसावर फिरली. वेचलेला कापूस रिकाम्या चुंगडीत भरला की तिचे सुटे धागे त्यात मिसळतात. जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या, यंत्रात त्यांचे बारीक तुकडे होतात, ते सरकी काढलेल्या रुईतून गाठीत आणि गाठीतून सुतात जातात. कापसाला देतात तो रंग पॉलिप्रॉपिलीनला चढत नाही. त्यामुळे गडद कापड रंगवलं की त्यावर पांढरे ठिपके उठतात, आणि गिरणीवाला तो माल नाकारतो किंवा भाव पाडतो. फेब्रुवारी 2000 मध्ये केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, त्यात अशी भेसळ कमी करणं हाही एक हेतू होता. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर बसून बाया हे धागे हातांनी वेचतात. शेतकऱ्याला सल्ला मिळतो की कापूस सुती कापडातच भरा. ते कापड विकत आणावं लागतं, खताची चुंगडी मात्र घरात आयतीच पडलेली असते.