कोची-मुन्नार सहल : निघण्याआधी वाचा

"कोचीत दोन रात्री कशाला? विमानतळावरून थेट मुन्नारच गाठू या की," असं चौकशीला येणारे बरेच जण म्हणतात. बाजारातली पुष्कळ पॅकेजं तशीच असतात. आम्ही मात्र कोचीच्या दोन रात्री सोडत नाही. हे बंदर डोंगरातल्या पाण्यानेच घडवलं असं मानतात. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने बुजलं आणि कोचीचा मार्ग मोकळा झाला. पुढे डोंगरातली मिरी-वेलची इथूनच जहाजांवर चढली. आधी बंदर पाहिलं की डोंगर जास्त कळतो.

पहिली संध्याकाळ फोर्ट कोचीला. किनाऱ्यावरची मासेमारीची चिनी जाळी आम्ही घाईने दाखवत नाही. एका जाळ्यापाशी पाच मिनिटं उभे राहा. लांबच लांब लाकडी वासे, त्यांच्या मागच्या टोकाला दोरांवर वेगवेगळ्या उंचीला बांधलेले धोंडे, आणि ते ओढायला चार-सहा माणसं. दोर ओढले की धोंडे एकामागून एक खाली येतात आणि एवढं मोठं जाळं पाण्यातून अलगद वर उठतं. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि त्याला इथे पुरलं. नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, पण थडग्याची जागा आजही दाखवतात.

दुसरा दिवस मट्टनचेरीचा. डच पॅलेस म्हणतात तो राजवाडा मुळात पोर्तुगीजांनी बांधला, डचांनी फक्त डागडुजी केली. आतली रामायणाची भित्तिचित्रं निवांत पाहा. मग ज्यू टाउनच्या गल्लीतून, मसाल्याच्या दुकानांचा वास घेत, १५६८ च्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, जायचं. पादत्राणं बाहेर काढावी लागतात. पायाखाली चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या असतात. राजवाडा शुक्रवारी आणि सिनेगॉग शुक्रवार-शनिवार बंद असतं, म्हणून आमची सहल रविवारीच निघते.

तिथून जवळच, चेरळाईत, तिरुमला देवस्वम आहे. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांचं हे देऊळ. त्या परिसरात कानावर कोंकणी पडते, आणि आपल्याकडच्या मंडळींना तिथून पाय निघत नाही. केरळातल्या अनेक देवळांप्रमाणे पुरुषांना शर्ट-बनियन काढून आत जावं लागतं, तेव्हा सोबत उपरणं ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुन्नारकडे. अंतर सुमारे १३० किलोमीटर, पण घाटामुळे साडेचार-पाच तास धरा. नेरियमंगलमला १९३५ चा कमानींचा पूल लागतो. खाली वाहते ती पेरियारच. तिथे गाडी थांबवतोच. पुढे चीयप्पारा धबधबा आणि वळणावळणांचा रस्ता. गाडी लागत असेल तर सकाळी पोटभर इडली-डोसा हाणू नका, हलकं खा.

मुन्नार साधारण १६०० मीटर उंचीवर आहे. चहाचे मळे रस्त्यावरूनही दिसतात, म्हणून आम्ही जास्त वेळ एरविकुलम राष्ट्रीय उद्यानाला देतो. खासगी गाडी खालीच ठेवून वनखात्याच्या बसने उद्यानातल्या राजमला भागात जायचं. नीलगिरी ताहर हा डोंगरी बोकडासारखा प्राणी तिथे माणसांना न घाबरता कड्यांवर चरतो. समोर आनमुडी, २६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर. माद्यांच्या विणीसाठी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्यान बंद ठेवतात आणि ते योग्यच आहे. त्या दोन महिन्यांत आम्ही ही सहल घेत नाही. पावसाळ्यातही नाही, कारण घाटात दरडी कोसळतात.

नीलकुरिंजी या निळ्या फुलांच्या डोंगरी झुडपाबद्दल दरवर्षी विचारणा होते. ती १२ वर्षांनी फुलते. मोठा बहर २०१८ मध्ये येऊन गेला, पुढचा २०३० मध्ये अपेक्षित आहे. मधल्या काळात कुणी डोंगर निळे दाखवायचं आश्वासन देत असेल तर पैसे भरू नका.

कोचीत घामाघूम व्हाल, तर मुन्नारला जानेवारीच्या काही पहाटे पारा शून्याजवळ उतरतो. त्यामुळे सुती कपडे आणि स्वेटर-कानटोपी दोन्ही घ्या. स्वयंपाक बहुधा खोबरेल तेलात असतो. ते चालत नसेल, उपास असेल, गुडघे दुखत असतील किंवा गाडीत पुढची जागा लागत असेल, तर बुकिंगच्या वेळीच सांगा. गाडी भरल्यावर जागा बदलणं अवघड जातं.