इन्स्टंट गिझर की स्टोरेज? नागपूरच्या थंडीसाठी हिशेब

कूलर झाकून ठेवला की नागपुरात गिझरची चौकशी सुरू होते आणि पहिला घोळ दुकानातच होतो: गिझर छोटा, तर बिलही कमी. तसं नसतं. इन्स्टंटची टाकी ३ लिटरची, पण कॉइल ३ किलोवॉटची. १५-२५ लिटरच्या स्टोरेजमध्ये बहुतेक वेळा २ किलोवॉटची. २० लिटर पाणी १६ अंशांवरून ४० वर न्यायला दोन्हीत साधारण ०.५६ युनिटच लागतं. स्टोरेज चालू ठेवून विसरलात तर मात्र टाकी निवत राहते, थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा तापवत राहतो, आणि वीज तिथे जाते.

खरा फरक धारेत आहे. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १६ अंशांवर असेल, तर इन्स्टंट ४० अंशांचं पाणी मिनिटाला पावणेदोन लिटरच देऊ शकतो. आधी तापलेले ३ लिटर कडक येतात. तोटी पूर्ण सोडली की मागून कोमट. भांडी घासायला, दाढीला झकास; शॉवरला नाहीच. १५ लिटरचा स्टोरेज २३ मिनिटांत ६० अंशांवर जातो आणि थंड पाणी मिसळून २७ लिटर देतो, म्हणजे एकाची आंघोळ आरामात. लागोपाठ दोघं जाणार असतील तर २५ लिटरचा घ्या.

गॅस गिझरला टाकी नसते आणि धार जोरात येते, पण बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवरच हवा.

बोअरचं पाणी असेल तर आधी कूलरची गवताची जाळी बघा. तिच्यावर पांढरा थर कडक झाला असेल, तर तोच थर कॉइलवरही बसणार. मग पाणी तापायला वेळ लागतो, आतून तडतड ऐकू येते आणि शेवटी कॉइल फुटून ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. स्टोरेज उघडून कॉइल साफ करता येते. मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड दर वर्षी तपासा, झिजून तार उरली की बदला, नाहीतर टाकीच गंजते.

३ किलोवॉट म्हणजे १३ अॅम्पियर. त्यामुळे १६ अॅम्पियरचा सॉकेट आणि बोर्डापासून स्वतंत्र ४ एमएमची वायर घ्या. जुन्या घरातल्या बारीक वायरवर प्लग वितळतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यावर असाल तर गिझरच्या टाकीवरचा बार आकडा, म्हणजे ती पाण्याचा किती दाब सोसते, तो वाचा: पाण्याची दर १० मीटर उंची म्हणजे जवळपास १ बार.

मार्चमध्ये स्विच बंद करा, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, गरम तोटी सोडा आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून टाकी रिकामी करा. मे महिन्यात गच्चीवरून येणारं पाणी तसंही हात भाजतं. नोव्हेंबरात आधी व्हॉल्व्ह उघडा, गरम तोटीतली हवा निघून अखंड धार येऊ द्या, मगच स्विच लावा. कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते.