व्हीएक्सलॅन चालू झालं, पिंगही जातोय, मग फाइल का अडकते?

डेटा सेंटरमध्ये चालू असलेलं व्हर्च्युअल मशीन एका रॅकमधून दुसऱ्या रॅकमध्ये हलवायचं असेल तर त्याचा आयपी बदलून चालत नाही, चालू कनेक्शन सगळी तुटतात. म्हणजे दोन्ही रॅक एकाच लॅनमध्ये हवेत. पूर्वी यासाठी एकच व्हीलॅन, म्हणजे स्विचवर नंबर देऊन वेगळी केलेली लॅन, सगळ्या स्विचवरून फिरवायचे, पण व्हीलॅनचा नंबर फक्त 12 बिटचा, वापरायला मिळतात 4094, आणि क्लाउडवाल्यांकडे हजारो ग्राहक, प्रत्येकाला आपापली दोन-चार नेटवर्क वेगळी हवी, मग पुरणार कसे? शिवाय लूप होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री जास्तीच्या लिंक बंद ठेवतो, म्हणजे पैसे मोजून टाकलेली फायबर नुसती पडून.

यावर निघालेला उपाय म्हणजे व्हीएक्सलॅन, 2014 च्या आरएफसी 7348 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तो नोंदलेला आहे. यात मशीनची अख्खी इथरनेट फ्रेम जशीच्या तशी उचलून एका यूडीपी पॅकेटच्या पोटात घालतात, पोर्ट 4789, आणि सोबत 24 बिटचा नेटवर्क नंबर, ज्याला व्हीएनआय म्हणतात. 24 बिट म्हणजे 1 कोटी 67 लाखांहून जास्त नेटवर्क! मधल्या स्विचना आत काय आहे याच्याशी घेणंदेणं नाही, त्यांच्यासाठी ते साधं आयपी पॅकेट, त्यामुळे सगळ्या लिंक एकाच वेळी वापरता येतात. मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते ती सोर्स पोर्टची. आतल्या फ्रेमच्या हेडरचा हॅश काढून तो पोर्ट ठरवतात, म्हणून वेगवेगळे फ्लो आपोआप वेगवेगळ्या लिंकवर जातात, मधल्या स्विचला नवीन काही शिकवावं लागत नाही.

कॉन्फिगरेशन तसं फार मोठं नसतं. लीफ स्विचवर, म्हणजे ज्याला सर्व्हर जोडलेत त्यावर, एक लूपबॅक आयपी द्यायचा, तो व्हीटेपचा, म्हणजे फ्रेम यूडीपीत घालणाऱ्या आणि बाहेर काढणाऱ्या टोकाचा पत्ता, मग कुठला व्हीलॅन कुठल्या व्हीएनआयला जातो ते लिहायचं. कुठलं मशीन कुठल्या लीफमागे आहे हे सुरुवातीला मल्टिकास्टने फ्लड करून शिकायचे, आता बहुतेक ठिकाणी ईव्हीपीएन लावतात, म्हणजे इंटरनेटचे रूट वाहणारा तोच बीजीपी इथे मशीनचे मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे इथरनेटमधले पत्ते, वाहतो आणि मशीन हललं की बाकीच्या लीफना कळवतो.

एवढं सगळं बरोबर असूनही लोक हमखास अडकतात ते एमटीयूवर, म्हणजे लिंकवरून जास्तीत जास्त किती बाइटचं पॅकेट जाऊ शकतं त्या मर्यादेवर. आतल्या फ्रेमचा इथरनेट हेडर 14 बाइट, बाहेरच्या आयपीचा 20, यूडीपीचा 8, व्हीएक्सलॅनचा 8, झाले 50. मशीनने 1500 चं पॅकेट पाठवलं की स्विचमधल्या लिंकवर ते 1550 चं आयपी पॅकेट होतं, आणि तिथे एमटीयू 1500 च राहिला असेल तर ते गेलंच समजा, कारण व्हीटेपने पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत असं आरएफसीतच लिहिलंय. मग गंमत अशी होते की पिंग जातो, छोटी वेबपेज उघडतात, एसएसएच मात्र लटकतं आणि मोठी फाइल कॉपी करताना थांबून राहते, कोणी फायरवॉल तपासतो, कोणी अ‍ॅप्लिकेशनवाल्यांना फोन लावतो, आणि तास निघून जातात. तपासायला दोनच मिनिटं लागतात. मशीनवरून पिंग 1472 साइजचा पाठवा, तुकडे करू नको हा फ्लॅग लावून. 1472 मध्ये आयसीएमपीचे 8 आणि आयपीचे 20 मिळवले की बरोबर 1500. छोटा पिंग जातोय आणि हा अडकतोय तर आधी एमटीयूच बघा.

म्हणून माझं ठाम मत आहे, ओव्हरलेची, म्हणजे वरच्या व्हीएक्सलॅन नेटवर्कची, एकही ओळ टाकण्याआधी खालच्या सगळ्या लिंकवर 9000 च्या आसपास जंबो एमटीयू लावून टाका, प्रत्येक लीफच्या लूपबॅकवरून दुसऱ्या लूपबॅकला मोठ्या पॅकेटचा पिंग मारून बघा, एखादी लिंक सुटली असेल तर तिथेच सापडते, आणि मग व्हीएनआय लिहायला बसा.