वाऱ्याला विचारून उतरणारी विमानं

लंडनच्या उत्तरेला, बेडफर्डशायर परगण्यात ओल्ड वॉर्डन नावाचं खेडं आहे. तिथल्या छोट्या विमानतळावर विमानं गवतावरच उतरतात. कडेला काही हँगर आहेत आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. उन्हाळ्यातल्या ठरलेल्या दिवशी जुन्या विमानांचे मालक आपापली विमानं उडवत इथे येतात, ती गवतावर ओळीनं उभी करतात, दिवसभर एकमेकांच्या इंजिनांत डोकावतात आणि उजेड आहे तोवर परत उडून जातात. अशा मेळाव्याला फ्लाय-इन म्हणतात. कार्यक्रमपत्रिका छापलेली असते, पण कोणतं विमान उडणार आणि कोणतं हँगरमध्येच राहणार, हे त्या दिवशीचा वारा ठरवतो.

याचं कारण एका साध्या भागाकारात आहे. विमानाचं वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ, म्हणजेच पंखभार. १९३१ साली पहिल्यांदा उडालेल्या डी हॅविलंड टायगर मॉथचं दोन माणसं आणि इंधनासकट जास्तीत जास्त वजन ८२८ किलो, आणि दोन्ही मजल्यांचे पंख मिळून साधारण २२ चौरस मीटर. प्रत्येक चौरस मीटरवर जेमतेम ३७ किलो. आज आपण मुंबई-दिल्ली प्रवास करतो त्या एअरबस ए-३२० मध्ये हाच आकडा ६०० किलोच्या पुढे जातो.

विमान कमीत कमी किती वेगानं हवेत तरंगू शकतं, ते या पंखभाराच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. म्हणून टायगर मॉथ ताशी सुमारे ७० किलोमीटरपर्यंत हवेत टिकतं आणि एखाद्या शेताएवढ्या जागेत उतरू शकतं. पण याच गुणाची दुसरी बाजू त्रासाची आहे. उतरताना वैमानिक ताशी शंभरेक किलोमीटरचा वेग ठेवतो. समोरून येणारा वारा अचानक पंधरा किलोमीटरनं पडला, तर त्याच्या हातातल्या तीस किलोमीटरच्या सवलतीपैकी निम्मी क्षणात गेली. ए-३२० ताशी अडीचशेच्या आसपास वेगानं उतरतं. तेवढाच झोत त्याला जाणवतो, पण धोक्यात आणत नाही.

म्हणूनच जुन्या काळातले विमानतळ लांबट पट्ट्यासारखे नसायचे. ते गोल किंवा चौकोनी मोकळी मैदानं असायची. वारा ज्या बाजूनं येईल त्या बाजूला तोंड करून उतरायचं. समोरून ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल, तर शंभराच्या वेगानं हवा कापणारं विमान जमिनीच्या हिशेबात फक्त सत्तरानं सरकत असतं. मोठी, जड विमानं आली, त्यांना पक्की जमीन लागली, सगळ्या मैदानावर डांबर ओतणं परवडणारं नव्हतं, म्हणून धावपट्टी आली. आणि धावपट्टीबरोबर आडवा वारा ही वैमानिकाची कायमची डोकेदुखी झाली.

मेळाव्यातल्या अनेक जुन्या विमानांमध्ये बॅटरीच नसते, त्यामुळे मूळचा रेडिओही नाही. मग उतरायचं कुठल्या दिशेनं, हे कळायचं कसं? जमिनीवर आखलेल्या चौकोनात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पांढरी खूण ठेवतात. वैमानिक आधी विमानतळाच्या वरून एक फेरी मारतो, पिशवी बघतो, टी बघतो, मग टीच्या दांड्याला समांतर, आडव्या रेघेच्या दिशेनं उतरतो. गरज पडली तर मनोऱ्यातून हिरव्या किंवा लाल दिव्याचा झोत दाखवतात. आज कित्येक जण हातातला रेडिओ जवळ ठेवतात, तरी ही खुणांची भाषा येणं आवश्यकच असतं.

चाकं टेकली म्हणजे काम झालं, असं या विमानांच्या बाबतीत कधीच म्हणता येत नाही. खरी परीक्षा तिथून पुढे असते. आजच्या विमानाचं तिसरं चाक नाकाखाली असतं. जुन्या विमानांना मुख्य चाकं पुढे आणि शेपटीखाली एक छोटं चाक किंवा नुसती लोखंडी टाचेची पट्टी असते. त्यामुळे विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. दोन चाकांची हातगाडी ओढली तर मागून मुकाट्यानं सरळ येते, आणि तीच ढकलली तर दर पावलाला तोंड वळवू पाहते; शेपटीवर बसणारं विमान धावताना या ढकललेल्या गाडीसारखं असतं. नाक जरासं डावीकडे वळलं की मागचं वजन सरळ जाऊ पाहतं आणि त्या वळणाला आणखी रेटा देतं. वैमानिकानं पायानं सुकाणू वेळेवर मारलं नाही, तर विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं, एक पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायच मोडतो. आडव्या वाऱ्यात हे फार लवकर घडतं, कारण उभी शेपटी वाऱ्याला पाठ दाखवू पाहते आणि नाक वाऱ्याकडे वळतं.

इथे गवत उपयोगी पडतं. टायगर मॉथला ब्रेक नाहीत. शेपटीची पट्टी मातीत रुतून घासते, तोच ब्रेक. शिवाय गवतावर चाकं थोडी बाजूला घसरू शकतात, त्यामुळे तिरका ताण हलका होतो. डांबरावर चाक पकड धरतं, पट्टी ठिणग्या उडवत सरकत राहते आणि वेग उतरत नाही. जुन्या विमानांना छोटी गवताळ मैदानंच का हवी असतात, याचं कारण इतकं व्यावहारिक आहे.

इंजिन सुरू करणंही तिथे सर्वांसमोर चालतं. एक माणूस पुढे उभा राहून पंखा हातानं फिरवतो. आधी स्विच बंद ठेवून चार-सहा वेळा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ शिरते. मग 'कॉन्टॅक्ट' अशी हाक, कॉकपिटमधून तसाच प्रतिसाद, आणि एक जोरकस झटका. ठिणगी येते मॅग्नेटोतून. फिरणारा चुंबक आणि तारेचं वेटोळं एवढ्यावर तो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. त्यामुळे बॅटरीची गरजच उरत नाही. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यात असल्यामुळे इंधन गुरुत्वाकर्षणानं खाली येतं, पंपही नको. बिघडू शकणाऱ्या गोष्टीच कमी ठेवायच्या, हा त्या काळच्या अभियंत्यांचा शहाणपणा मला आजही फार मोलाचा वाटतो.

पहिल्या महायुद्धातली विमानं आली की हवेत एरंडेलाचा जळका वास पसरतो. त्यांच्यातल्या रोटरी इंजिनांमध्ये मधला दांडा विमानाला घट्ट बसवलेला असतो आणि सिलिंडरांचं अख्खं चक्र पंख्याबरोबर फिरतं. फिरल्यामुळे सिलिंडरांना वारा लागतो आणि ती थंड राहतात, आणि इंजिन हलकं बनतं. पण यात वंगणाचं तेल पेट्रोलच्या मिश्रणाबरोबरच आत जातं. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ झालं असतं. एरंडेल सहज विरघळत नाही, म्हणून ते वापरलं. ते परत गोळा होत नाही, सगळं बाहेर फेकलं जातं, थोडं वैमानिकाच्या चेहऱ्यावरही. एवढं वजन गरागरा फिरत असल्यामुळे ते भोवऱ्याचे नियमही पाळतं. सॉपविथ कॅमल हे त्या युद्धातलं लढाऊ विमान उजवीकडे वळवलं की नाक खाली जायचं, डावीकडे वळवलं की वर. नवशिक्या वैमानिकांपैकी कित्येकांचा जीव यातून गेला.

ओल्ड वॉर्डनला जुन्या विमानांचा एक संग्रहही आहे. तो रिचर्ड शटलवर्थ या तरुणानं उभा केला. १९३३ मध्ये तो दिल्लीतल्या शर्यतीसाठी चिमुकल्या कॉम्पर स्विफ्ट विमानातून भारतापर्यंत उडत आला होता. १९४० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वायुदलाच्या प्रशिक्षणादरम्यान तो अपघातात गेला. त्याच्या आईनं १९४४ मध्ये त्याच्या नावानं न्यास स्थापन केला. या संग्रहात १९०९ सालचं ब्लेरिओ विमान आहे. त्याच वर्षी २५ जुलैला लुई ब्लेरिओनं अशाच विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली होती. इंजिन तीन सिलिंडरांचं, ताकद जेमतेम २५ अश्वशक्ती. डावी-उजवी कलंडण्यासाठी पंखाला वेगळी झडप नाही. तारा ओढून अख्खा पंख पिळावा लागतो. वाऱ्याचा एक मध्यम झोतही या पिळण्यापेक्षा बलवान ठरतो. म्हणून ब्लेरिओ हवा शांत असेल तरच बाहेर काढतात, आणि तेही बहुधा संध्याकाळी, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या छोट्या उडीसाठी.

संध्याकाळच का? दिवसा ऊन जमीन तापवतं, जमिनीलगतची हवा गरम होऊन वर उठते आणि वरची वेगवान हवा तिच्या जागी खाली येते. म्हणजे उंचावरचा जोरदार वारा दिवसभर थोडाथोडा खाली आणून ओतला जातो, तोही झोताझोतानं. सूर्य कलला की जमीन गार होऊ लागते, तिच्यालगतची हवा जड होऊन तिथेच थांबते. वर-खाली होणारी घुसळण बंद पडते. काहीशे मीटरवर वारा तसाच वाहत असतो, पण जमिनीवरची पिशवी लोंबकळते. ज्यांचं आयुष्य अशा विमानांवर गेलं, ते वैमानिक ही घडी ओळखून असतात.

इतकी जुनी वस्तू उडवावीच का, काचेआड सुरक्षित का ठेवू नये, असं विचारणारे लोक आहेत, आणि त्यांची भीती खरी आहे: पडलेलं विमान परत येत नाही. तरीही उडवावं असंच माझं मत आहे. पंख पिळण्याचा दांडा हाताला किती जड लागतो, रोटरी इंजिन खालच्या वेगात कसं सांभाळायचं, पंखांवर ताणलेल्या कापडाला डोप या रंगासारख्या लेपाचे किती थर द्यायचे, हे आराखड्यात उतरत नाही. कुणीतरी करत राहिलं तरच ते दुसऱ्याला शिकवता येतं.

आपल्याकडेही हे ज्ञान होतं. १९३० मध्ये भारत-इंग्लंड अंतर एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ठेवलेल्या आगाखान बक्षिसासाठी जे. आर. डी. टाटा आणि अ‍ॅस्पी इंजिनियर मॉथ विमानांतून विरुद्ध दिशांनी हे अंतर कापत होते. इजिप्तमधल्या अबुकीरला अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना दिला, आणि बक्षीस अ‍ॅस्पींनीच जिंकलं. पुढे ते भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथमधून जुहूला उतरले, ते समुद्राकाठच्या मातीच्या मैदानावर. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जायचं. मग विमानं, वैमानिक, मेकॅनिक असा सगळा संसार पुण्याला हलायचा आणि येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून टपाल चालायचं. १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेआरडींनी लेपर्ड मॉथमधून कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं.

महाराष्ट्रात असा मेळावा व्हावा, अशी माझी फार इच्छा आहे. बारामती, धुळे इथल्या छोट्या विमानतळांवर वैमानिक घडतात. जागेची अडचण नाही. वेळ मात्र नीट निवडावी लागेल. बारामती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच आहे. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीत गेला की तिथली हवा समुद्रकाठच्या पंधरा अंशांच्या हवेपेक्षा १४ टक्के विरळ होते. टायगर मॉथच्या १३० अश्वशक्तीच्या इंजिनाची ताकद घटते आणि उडायला मात्र सुमारे ८ टक्के जास्त वेग लागतो. त्यात गरम हवेचे झोत. म्हणून इथे इंग्लंडची संध्याकाळ चालणार नाही. डिसेंबर-जानेवारीतली थंड सकाळ हवी, उजाडताच उड्डाणं सुरू व्हायला हवीत, आणि दहा-साडेदहापर्यंत सगळी विमानं उतरवून पंखांना दोर बांधून जमिनीशी घट्ट जखडलेली असायला हवीत.