रांगेतला शेवटचा रायडर

पहाटे सव्वापाचला माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली आठ गाड्या उभ्या होत्या. जून महिना, हवेत पावसाचा वास. कुणी चेनला तेल मारत होता, कुणी सीटमागची बॅग पुन्हा आवळत होता. लीडने, म्हणजे रांगेत सगळ्यात पुढे चालणाऱ्याने, दोनच सूचना दिल्या. कुणी कुणाला ओव्हरटेक करायचं नाही, आणि चहा टोकावड्याला. राजनोली, कोन, दुर्गाडीचा पूल, शहाड, रायते, मुरबाड असा माळशेजचा नेहमीचा रस्ता. ग्रुपमध्ये मी नवा होतो, म्हणून सगळ्यांच्या मागे, आठवा. नव्याने मागे राहावं, हे तेव्हा कुणालाच वावगं वाटलं नाही.

मोरोशी मागे टाकून घाट चढायला लागलो आणि पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकेक करून वळणाआड जायला लागले. मी वळणातून बाहेर पडलो तर समोर रस्ता मोकळा! सगळे कुठल्या कुठे. मी रेस दिली. पुढचं वळण उजवीकडचं होतं आणि मी त्यात हवं त्यापेक्षा बऱ्याच जास्त वेगाने शिरलो. गाडी बाहेर ओढली जायला लागली. डाव्या कडेला चुना फासलेले दगड होते, माझी नजर नेमकी त्यांच्यावर खिळली आणि हात आपोआप पुढच्या ब्रेकवर गेला. डोंगरावरून वाहून आलेली बारीक खडी तिथे पसरलेली. पुढचं चाक सटकलं. उजवा खांदा, उजवा गुडघा, मग हेल्मेटची उजवी बाजू, या क्रमाने मी रस्त्यावर आलो. कॉलरबोन मोडलं.

पुढचे सहा आठवडे हात गळ्यात होता, त्यामुळे विचार करायला वेळ मिळाला. रस्ता, टायर, पाऊस, सगळ्यांना दोष देऊन झाला. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, डाव्या हाताने, आणि एक मजेशीर गोष्ट हाती लागली. मी मागे पडलोच नव्हतो.

दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं, असा साधा नियम आहे. आठ गाड्या म्हणजे सात फटी, म्हणजे लीडच्या मागे शेवटचा १४ सेकंद. घाटाच्या वळणात वेग ताशी २५ किमी असेल, तर १४ सेकंद म्हणजे साधारण ९७ मीटर. वळण संपलं आणि सगळे ताशी ६० वर गेले की तेच १४ सेकंद २३३ मीटर होतात. वेळेच्या हिशेबात कुणीही पुढे-मागे झालेलं नाही, पण डोळ्यांना रांग अडीच पट लांबलेली दिसते. त्यातून शेवटचा अजून वळणातच रेंगाळतोय आणि पुढचे सरळ रस्त्यावर सुटलेत, म्हणजे फट त्याच्यासमोरच रुंदावत जाते. डोळे मीटर मोजतात, सेकंद मोजत नाहीत. गडी घाबरतो आणि पाठलाग सुरू करतो.

हे झालं सगळ्यांनी शिस्त पाळली तर. प्रत्यक्षात त्यात माणसाचा स्वभाव मिसळतो. पुढच्याचा ब्रेक लाइट दिसणं, मेंदूला कळणं आणि बोटं लिव्हरवर आवळली जाणं, यात सेकंदभर तरी जातो, बेसावध असाल तर दीड. तेवढ्या वेळात फट कमी झालेली असते, म्हणून मागचा पुढच्यापेक्षा थोडा जास्त ब्रेक मारतो, त्याच्या मागचा आणखी थोडा. लीडने नुसती रेस सोडलेली असते आणि सातव्या-आठव्याला करकचून थांबावं लागतं. जपानी संशोधकांनी याचा सुंदर प्रयोग केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या गोल मार्गावर २२ मोटारी सोडल्या आणि चालकांना एकसारख्या वेगाने चालवायला सांगितलं. ना सिग्नल, ना खड्डा, ना आडवी आलेली गाय. तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ती गाड्यांच्या उलट दिशेने, ताशी सुमारे २० किमी वेगाने मागे सरकत राहिली. घोडबंदर रोडवर रोज अडकणाऱ्याला हे सांगायला संशोधक कशाला हवेत, असं वाटेल. पण तिथे निदान खड्डा तरी सापडतो. या प्रयोगात कोंडीला कारणच नव्हतं, रांगेत असणं हेच कारण. राइडच्या रांगेतही हेच होतं, फक्त इथे मोटारीच्या पत्र्याऐवजी आपलं अंग असतं.

घाई आणखी एका वाटेने आत शिरते. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्येच दाखवलं होतं की एकट्याने घड्याळाशी शर्यत लावणाऱ्यापेक्षा सोबतीने पळणारे सायकलस्वार वेगवान असतात. सोबतीला ग्रुप असला की आपला हात नकळत थोडा जास्त वळतो. राइडनंतर ‘आज मस्त पळवली’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. फक्त त्यातलं श्रेय त्याचं किती आणि समोरच्या लाल दिव्याचं किती, हे त्याला माहीत नसतं.

आता वळणातल्या पकडीकडे येऊ. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. तेवढ्याच जागेतून ब्रेक मारायची ताकदही मिळते आणि वळायचीही. ही पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार. घरभाड्यात सगळा गेला तर किराण्याला उरत नाही. वळणात गाडी झुकवली की पगारातला मोठा हिस्सा वळण्यात खर्च होतो. त्याच वेळी ब्रेक मारला, तर दोन्ही खर्च एकदम अंगावर येतात आणि चाक सुटतं.

हा खर्च वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि ते जाणवत नाही. २० मीटर त्रिज्येचं वळण धरा. ताशी ३० किमीने घेतलं तर गाडी साधारण २० अंश झुकते आणि टायरकडून ०.३५ इतका घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचं माप, मागितला जातो. वेग फक्त १० किमीने वाढवून ४० केला, की झुकाव ३२ अंश आणि मागणी ०.६३. चांगला कोरडा डांबरी रस्ता एवढं देतो. ओला रस्ता देईलच असं नाही, आणि खडी तर नाहीच देत. पहिल्या पावसाचा पहिला तास सगळ्यात वाईट, कारण उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्त्यावर साबणासारखा थर बसतो, तो धुऊन जायला जोराची सर लागते. उड्डाणपुलाच्या लोखंडी जोडपट्ट्या आणि झेब्रा क्रॉसिंगचा रंग पावसात घसरतातच.

गाडीला एबीएस आहे म्हणून निर्धास्त असणारे खूप भेटतात. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते आपल्याकडे २०१९ पासून सक्तीचं आहे आणि ते चांगलंच आहे. पण एबीएस पकड निर्माण करत नाही. चाक जाम होऊ न देणं एवढंच त्याचं काम. सुट्या खडीवर तर उलटंही होतं: जाम झालेलं चाक पुढ्यात खडीचा ढीग रचतं आणि त्याला अडून थांबतं, एबीएस तो ढीग होऊच देत नाही, त्यामुळे थांबायचं अंतर वाढतं. अॅडव्हेंचर गाड्यांना मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचं बटण दिलेलं असतं ते याचसाठी. कच्चा रस्ता संपून डांबर लागलं की ते पुन्हा चालू करायचं, हे विसरणाऱ्यांची संख्याही कमी नाही.

आणि ते चुन्याचे दगड. डोळ्याला बारकाईने दिसतं ते मधल्या जेमतेम दोन अंशांत, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. भीती वाटली की नजर धोक्यावर चिकटते, आणि खांदे, हात, गाडी नजरेमागे जातात. शिकवणारे सांगतात की जिथे जायचंय तिथे बघा, म्हणजे वळणाच्या शेवटाकडे. रांगेत याची आणखी एक गंमत होते: प्रत्येक जण पुढच्याच्या टेल लाइटकडे बघत असतो. पुढचा चुकून रुंद गेला तर मागचाही त्याच चुकीमागे जातो, मेंढरांसारखा.

‘मी तर चाळिशीतच होतो,’ असं मी सगळ्यांना सांगत होतो. वय नव्हे, वेग. त्यात समाधान मानायचं कारण नाही, हे नंतर कळलं. दुचाकी अपघातांचा गाजलेला हर्ट अहवाल १९८१ मध्ये अमेरिकेत आला. लॉस एंजेलिसमधल्या ९०० अपघातांची त्यांनी जागेवर जाऊन तपासणी केली होती. अपघाताआधीचा मध्यक वेग (निम्मे याहून हळू, निम्मे याहून जोरात) निघाला ताशी सुमारे ४८ किमी आणि प्रत्यक्ष आदळतानाचा ३५. घाटातल्या पिकनिकचाच वेग.

डोक्यासाठी तर तेवढाही लागत नाही. गाडीवर बसलेल्याचं डोकं दीड-पावणेदोन मीटर उंचीवरून नुसतं खाली पडलं, तरी रस्त्याला लागताना त्याचा वेग ताशी २० किमीच्या आसपास असतो. उघडं डोकं डांबरावर दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबतं आणि त्याला गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पटींहून जास्त झटका बसतो. हेल्मेटच्या आत जो थर्माकोलसारखा जाड थर असतो, तो चेपत चेपत तेच थांबणं अडीच सेंटीमीटरवर पसरवतो आणि झटका ६०-६५ पटींवर येतो. वाचवतो तो हा थर्माकोल. बाहेरचं चकचकीत कवच त्याला सांभाळण्यापुरतं. एकदा चेपला की तो परत फुगत नाही. माझं हेल्मेट बाहेरून फक्त खरचटलेलं दिसत होतं, तरी ते बाद केलं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती.

खांद्याचं मात्र हेल्मेट नसतं. खांद्यावर पडलं की कॉलरबोन मोडतं, आणि ते मोडलेलं बरं, असं माझ्या हाडांच्या डॉक्टरांनी गमतीने सांगितलं. मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा ताणला जातो किंवा तुटतो. हाड काही आठवड्यांत जुळतं. तुटलेल्या तंतूंचा हात कधीकधी कायमचा लुळा पडतो. कच्च्या रस्त्यावर वेग कमी असतो, तिथे घोटा आणि गुडघ्याची पाळी असते. दोनशे किलोची गाडी कलंडते आणि आपण तिला पाय लावून सावरायला जातो. लावू नये. गाडीला पडू द्यावं. नंतर सीटला पाठ टेकवून, पायांच्या जोरावर उचलावं. कमरेतून वाकून उचलणारे राइड संपवतात ती पट्टा लावूनच.

मी पडल्यावर पुढच्या वळणावरून सगळे परत आले आणि सातही गाड्या त्याच वळणात माझ्याभोवती लावल्या. प्रेमापोटीच. वरून एखादा टेम्पो आला असता तर? आमच्यातल्या एका मैत्रिणीने आधी दोघांना वळणाच्या दोन्ही तोंडांना पिटाळलं, इंडिकेटर चालू ठेवून उभं राहायला. एक जण हेल्मेट काढायला धावला, त्याच्यावर ती ओरडली, “अरे, हात लावू नकोस! श्वास नीट चाललाय ना त्याचा?” बरोबर होतं तिचं. मानेला इजा असेल तर ओढाओढीत ती वाढते. श्वास अडकत असेल किंवा उलटी होत असेल तरच हेल्मेट काढायचं, तेही दोघांनी मिळून: एकाने मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने हळूहळू सोडवायचं. पाणी पाजायचं नाही, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. मांडी सुजत चालली असेल तर घाई करायची, कारण मांडीचं हाड मोडलं की एक-दीड लिटर रक्त आतल्या आत साचू शकतं, आणि प्रौढ माणसाच्या अंगात असतं पाचेक लिटर. १०८ला फोन करायचा. घाटात रेंज येते-जाते, म्हणून कुठल्या ठिकाणी शेवटची रेंज होती हे एकाने लक्षात ठेवलेलं बरं. अनोळखी जखमीला मदत करताना पोलिसांच्या लचांडाची धास्ती असेल, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं १३४-अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

आता आम्ही रांग वेगळी लावतो. सगळ्यात नवा रायडर लीडच्या लगेच मागे, दुसरा. वेग त्याच्या कुवतीने ठरतो. सगळ्यात अनुभवी शेवटी, स्वीप म्हणून. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे अशी झिगझॅग, घाटात मात्र एकेरी, म्हणजे वळणात हवी ती रेषा घेता येते. फाटा आला की या नव्याच्या मागचा तिथे थांबतो आणि स्वीप दिसेपर्यंत हलत नाही. त्यामुळे पुढचा दिसेनासा झाला तरी कुणी चुकत नाही, आणि चुकायची भीती नसली की पाठलागाचं कारण राहत नाही. आणि पुढच्याने किलोमीटरचा दगड ओलांडला की आपण तिथे पोचेपर्यंत ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मनात मोजायचं. पहिले दोन रविवार सगळे मला हसले.

परवा लीड मी होतो. टोकावड्याला टपरीवर गाडी लावली, चहा सांगितला आणि घड्याळ लावलं. स्वीप यायला सव्वा मिनिट लागलं. चहाला अजून उकळी यायची होती.