शिकारगाह

राजा, जहागीरदार किंवा खाजगी मालकाने शिकारीसाठी राखलेले रान अथवा कुरण. फार्सी ‘शिकार’ व स्थानवाचक ‘गाह’ यांचा हा जोडशब्द मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या उर्दू दप्तरातून रुळला असावा. मराठीत याच अर्थाने ‘रमणा’ येतो. तो संस्कृत ‘रम्’ धातूशी जोडतात. मात्र पर्वतीजवळ पेशवे दक्षिणा वाटत त्या बंदिस्त आवारालाही रमणाच म्हणत. त्यामुळे शब्दात कुंपणाची कल्पना मुख्य आणि शिकारीची दुय्यम असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

दख्खनच्या माळावर मुख्य सावज काळवीट. डोळ्यांवर टोपी चढवलेला शिकारी चित्ता बैलगाडीत बसवून कळपाच्या जवळ नेत. गाडीला हरणे फारशी बुजत नसत. टोपी काढली की चित्ता झेपावे. पहिल्या काहीशे मीटरांत सावज हाती लागले नाही, तर तो दमून थांबे. शिकारगाहांमुळे सावज टिकले, हे मत निराधार नाही: हैदराबादजवळचे हरिण वनस्थळी हे राष्ट्रीय उद्यान मुळात निजामाचे शिकारक्षेत्र. पण चित्त्याची पैदास कैदेत जवळजवळ होत नसे, म्हणून प्रत्येक चित्ता रानातूनच धरावा लागे. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष घोषित झाला. संवर्धनाचा हिशेब मांडताना ही बाजू बहुधा सुटते.

आधुनिक काळात हाच वाद खाजगी रँचच्या, म्हणजे जनावरांसाठी राखलेल्या कुंपणबंद जमिनीच्या रूपाने येतो. अमेरिकेतील टेक्सासमध्ये १९३२ च्या सुमारास काळवीट सोडले गेले. शिंगांसाठी पैसे मोजणारा शिकारी मिळतो, म्हणून मालक कळप वाढवतो. पाकिस्तानातून नाहीसे झालेले काळवीट १९७० च्या दशकात लाल सुहांरा येथे परतले ते याच अमेरिकी कळपांतून. तलवारीसारख्या वळलेल्या शिंगांचा सिमिटर ओरिक्स हा आफ्रिकी कुरंग २००० मध्ये रानातून नामशेष ठरला, तेव्हाही टेक्सासच्या रँचवर तो होता. मात्र २०१६ पासून आफ्रिकेतील चाड देशात सोडलेला ओरिक्स अबू धाबीत जमवून वाढवलेल्या कळपातला. रँचवर बियाणे राहते. रान परत येण्यास निराळी सोय लागते, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

मराठवाड्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा प्रश्न कायद्यापुरता मिटला. काळवीट या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. बोलीत नुसते ‘हरीण’ म्हटले की बहुधा काळवीटच समजतात. नीलगाय ती रोही. कळप गायरानात, पडीत व मुरमाड माळावर राहतात आणि उगवत्या सोयाबीनवर, पुढे हरभऱ्यावर उतरतात. बांधाला जुन्या साड्या गुंडाळणे हा शेतकऱ्यांचा नेहमीचा उपाय. हरणे चार दिवसांत त्यांना सरावतात. शुल्क घेऊन शिकार खुली करावी आणि पैसा शेतकऱ्याला द्यावा, ही सूचना रँचच्या उदाहरणावरून केली जाते. पण रँच म्हणजे एका मालकाची हजारो एकर कुंपणबंद जमीन. येथे खातेदाराकडे दोन-चार एकर असतात आणि कळप एका रात्रीत कित्येक गट नंबर ओलांडतो.