खवल्याचा मासा आणि आजीचे कागद : कोकणातल्या बेने इस्रायलांची पार्श्वभूमी

बेने इस्रायल म्हणजे कोकणात स्थिरावलेले मराठी बोलणारे ज्यू. नवगावला फुटलेले त्यांचे गलबत, वाचलेली सात जोडपी, शनिवारी बंद राहणारे त्यांचे तेलाचे घाणे ही गोष्ट अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. ती कधीची, यावर मात्र एकमत नाही. कुणी ती इसवी सनाआधी नेतो, कुणी कित्येक शतके अलीकडे ओढतो. लेखी उल्लेख अठराव्या शतकाआधी जवळपास मिळत नाहीत.

त्या कोऱ्या शतकांत टिकले काय, ते कळते. सुंता, शनिवारचा विसावा, 'शमा' ही एकच प्रार्थना, आणि खाण्यातला विधिनिषेध. पुढे एक शिक्षक बाहेरून आला, त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवल्या-पंखांचे मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्मात तेवढेच मासे चालतात. त्यावरून हे ज्यूच आहेत, हे त्याने ओळखले, असे परंपरा सांगते. हा शिक्षक नक्की कुठल्या शतकातला, यावरही वाद आहेच. पण कोळंबी-तिसऱ्यांच्या किनाऱ्यावर राहून पिढ्यान्‌पिढ्या कोळंबी न खाणे ही साधी गोष्ट नव्हे.

सणांची मूळ नावे विसरली गेली, सण राहिले. वर्षारंभ झाला 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा दिवस 'दरफळणीचा सण', कारण त्या दिवशी दार लावून, पांढरे कपडे घालून, कुणाला न भेटता उपास करायचा. वसंतातल्या बेखमीर भाकरीच्या सणाला आंबट रसाचे मडके झाकून ठेवत. का, ते कुणाला आठवत नव्हते. फाल्गुनातला सण होळीच्या नावाने. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास 'बिरड्याचा रोजा', कारण तो वालाच्या बिरड्यावर सुटायचा. आणि एलियाहू संदेष्ट्याचा 'उरूस', पौष-माघाच्या पौर्णिमेच्या सुमारास. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाच्या चाकोऱ्या आणि घोड्याच्या टापा खडकावर दाखवतात. तिथे नवस फेडायचा तो मलिद्याने: भिजवलेले पोहे, साखर किंवा गूळ, खवलेला नारळ, वर फळे आणि खजूर. रोजा, उरूस, होळी, पोहे, नारळ! शेजाऱ्यांकडून एवढे उचलूनही आपले वेगळेपण राखता येते, हे या एका ताटात दिसते.

एकोणिसाव्या शतकात शिकवणारे आले. काही कोचीनचे ज्यू, काही स्कॉटिश मिशनरी. मिशनऱ्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, बायबलचा जुना करार मराठीत आणला. धर्मांतरे फारशी झालीच नाहीत, उलट लोक आपल्या धर्मात जास्त पक्के झाले. मुंबईत पहिले प्रार्थनास्थळ १७९६ साली उभे राहिले होते, ते एका लष्करी अधिकाऱ्याने बांधले. मग रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशी रांग लागली. १८८० च्या सुमारास मुंबईत जुन्या करारातल्या योसेफ-मोशेच्या आख्यानांवर मराठी कीर्तन सुरू झाले, साकी-दिंडीसह.

यानंतरचा भाग इतिहासात दोन ओळींत संपवतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१९४८ नंतर लोक इस्रायलला जाऊ लागले. तिथल्या वागणुकीला विटून काहींनी 'आम्हाला परत पाठवा' म्हणून धरणे धरले आणि १९५२ मध्ये काही कुटुंबे खरोखर परत आली. पण मोठा भडका उडाला तो लग्नांवरून. तिथे ज्यू माणसाचे लग्न धर्मपीठाकडूनच, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेकडूनच लागते, कोर्टात जाऊन सही करण्याची सोय नाही. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने लग्न लावणाऱ्यांना फर्मावले की वधू किंवा वर बेने इस्रायल असेल तर आई, आजी, पणजी, जमेल तितक्या पिढ्या मागे जाऊन तपासा. शंका दोन होत्या. एक, मधल्या काळात बाहेरच्यांशी लग्ने झाली का. दुसरी अधिक किचकट: कोकणात काडीमोड गावच्या रीतीने व्हायचा, धर्मशास्त्राप्रमाणे लिहून द्यायचा घटस्फोटाचा कागद कुणाला ठाऊक नव्हता. तसा कागद न घेता बाईने दुसरे लग्न केले तर त्या लग्नाच्या मुलांना शास्त्राने ज्यू समाजात लग्नाची बंदी.

शास्त्राच्या चौकटीत प्रश्न गैरलागू नव्हता, हे मान्य करू. पण तो एकाच समाजाचे नाव घेऊन विचारला गेला. पोलंडहून आलेल्याला आजीचे कागद कुणी मागितले नाहीत. आणि ज्या गावांत जन्माचा दाखलासुद्धा नसायचा, तिथून पणजीचा काडीमोड कसा सिद्ध करायचा?

लोक रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायकापोरांसह ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक झाली आणि बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यूच आहेत, असा निर्वाळा मिळाला. धर्मपीठाने आदेशातून समाजाचे नाव काढले. शंका असेल तिथे तपासणी करायची, ही तरतूद मात्र ठेवली.

बेने इस्रायलांची बाजूही अगदी धुतल्या तांदळासारखी नव्हती. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन थर होते. मिश्र लग्नाच्या संततीला काळे म्हणत, त्यांच्याशी सोयरीक करत नसत. आजी तपासण्याची सवय कोकणातही होती, फक्त तिला फर्मान लागत नव्हते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचे अंश सापडले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. बहुतेक घरे तोवर इस्रायलला गेली होती. खंडाळ्याच्या खडकापाशी नवस फेडायला आता तिकडूनही माणसे येतात, आणि पोहे इथल्याच बाजारातून घेतात.